लहानपण

मराठीतला ‘लहानपण’ हा शब्द मोठा सोयीचा आहे, आणि म्हणूनच थोडा फसवाही. वय कमी असणे म्हणजे लहानपण; पायरी खालची असणे म्हणजेही लहानपणच. एखाद्याने भांडणात लहानपण घेतले असे आपण म्हणतो, तेव्हा तो पुन्हा पाच वर्षांचा झाला असे कोणाला वाटत नाही. तुकोबांनी देवापाशी लहानपण मागितले, तो अभंग आम्ही शाळेत मुंगी आणि ऐरावतासकट पाठ केला होता. पण त्यांनी मागितले ते नेमके कुठले लहानपण, हे ना गुरुजींनी विचारले, ना आम्ही. एक गोष्ट मात्र त्यात स्पष्ट आहे आणि तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. तुकोबा ते स्वतःसाठी मागतात. दुसऱ्याला लहानपण यावे म्हणून त्यांनी देवाला साकडे घातलेले नाही.

हा फरक आमच्या ध्यानात आणून दिला तो एका ख्रिस्ती गृहस्थांनी, आणि तोही काही न सांगता. त्यांच्याविषयी पुढे लिहितोच. आधी मूळ प्रसंग पाहू.

ख्रिस्ती परंपरेत बालकासारखी नम्रता हा मोठा सद्गुण मानला जातो. त्याचा आधार शुभवर्तमानांत आहे. मार्काने सांगितलेली हकीकत अशी : शिष्य येशूबरोबर कफर्णहूमाच्या वाटेवर आहेत आणि आपल्यात मोठा कोण, यावर त्यांचा वाद चालला आहे. घरी पोहोचल्यावर येशू विचारतो, वाटेत कसली चर्चा चालली होती? सगळे गप्प. मग तो खाली बसतो, ज्याला पहिले व्हायचे आहे त्याने सर्वांत शेवटचे आणि सर्वांचा सेवक व्हावे असे सांगतो, आणि लगेच एका मुलाला मध्ये उभे करून कवेत घेतो. मत्तयाच्या पाठात पुढे असेही येते की जो या बालकासारखा स्वतःला नमवील तोच स्वर्गाच्या राज्यात मोठा.

या प्रसंगाची जी चित्रे आपल्याकडे दिनदर्शिकांवर येत त्यांत गोऱ्यापान येशूच्या मांडीवर गुबगुबीत, सोनेरी केसांची मुले असत. हिरवळ, एखादे कोकरू. त्या चित्रांनी मोठे नुकसान केले असे आमचे मत आहे. त्यामुळे बालकासारखे होणे म्हणजे गोड होणे, निरागस होणे, असा समज पसरला. वास्तविक निरागसपणाचा येथे काही संबंध नाही. ज्याच्या घरात दीड वर्षाचे मूल आहे त्याला हे सांगावे लागू नये. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात एका तान्ह्या मुलाचे वर्णन केले आहे : बोलताही न येणारे ते मूल आपल्याच दाईचे दूध पिणाऱ्या दुसऱ्या मुलाकडे मत्सराने पांढरेफटक पडून पाहते. मुलांचा निष्पापपणा म्हणजे त्यांच्या हातापायांचा दुबळेपणा, मनाचा चांगुलपणा नव्हे, असा त्याचा रोकडा निष्कर्ष. मग ख्रिस्ताने बालकाचे उदाहरण का दिले? ऑगस्टीन म्हणतो, त्याच्या उंचीमुळे. बालक ठेंगणे असते, एवढेच. नम्रतेची खूण म्हणून ख्रिस्ताने त्याचे ठेंगणेपण घेतले. ऑगस्टीनला हे सांगायला वाक्ये खर्चावी लागली. त्याला मराठी येत असती तर एका शब्दात भागले असते.

आता परभणी.

१९७२चा दुष्काळ ज्यांनी मराठवाड्यात पाहिला त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते करून समजायचे नाही. खडी फोडायची कामे, सुकडी, मिलो ज्वारी हे शब्द त्या वर्षी आमच्या कानांवर आले ते कायमचे. त्या हिवाळ्यात गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून एक शेतमजूर आमच्या घरी आला आणि आपला मुलगा ठेवून गेला. ‘ठेवून गेला’ हाच शब्दप्रयोग तेव्हा झाला. पोटाला घाला, सांगाल ते काम करील. मुलगा आठेक वर्षांचा असावा, म्हणजे आमच्याहून दोन वर्षांनी लहान. आई त्याला जेवू घालायची, माझ्या लेकरांसारखंच तेही एक लेकरू, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. यात खोटे काही नव्हते. त्याला शिळे वाढले जात नसे. फक्त त्याचे ताट मागच्या पडवीत असे, तो विहिरीचे पाणी ओढी, आणि आमची दीड वर्षाची बहीण दिवसभर त्याच्या कडेवर असे. त्याला सगळे ‘पोऱ्या’ म्हणत. आम्हीही.

आमच्या वडिलांच्या शाळेत एक ख्रिस्ती शिक्षक होते. त्यांचे घराणे मूळचे जालन्याजवळच्या बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात वसवलेले ते ख्रिस्ती गाव. शेषाद्री स्वतः ब्राह्मण कुळातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. गुरुजींचे पूर्वज मांग समाजातले. त्या नाताळात गुरुजींनी आम्हांला फराळाला बोलावले आणि पुढच्या रविवारी मुलांसाठी घरी प्रार्थना असते, तिलाही या म्हणाले. वडील पुढारलेले होते, त्यांनी पाठवले. बहिणीला घेऊन पोऱ्याही आमच्यामागून आला.

गुरुजींच्या ओसरीवर आठ-दहा मुले बसली होती. आम्ही जाऊन बसलो. पोऱ्या अंगणातच, तुळईला टेकून, बहिणीला कडेवर घेऊन उभा राहिला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते आणि सांगावे लागलेही नाही. गुरुजींनी वाचन सुरू करण्यासाठी चष्मा लावला, मग काढला. उठून अंगणात गेले. त्याच्या कडेवरून बहिणीला स्वतः घेतले आणि म्हणाले, “ये की बाळा, आत ये. नाव काय तुझं?”

त्याने नाव सांगितले.

ते नाव आम्ही येथे लिहीत नाही, कारण तो माणूस कुठेतरी असेल. पण ते नाव आम्ही त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकले. जवळजवळ दोन महिने एका छपराखाली राहून. गुरुजींनी त्याला सतरंजीवर मध्ये बसवले आणि मग कफर्णहूमाचा हाच प्रसंग वाचला. तो त्यांनी मुद्दाम निवडला होता की त्या रविवारी तोच येत होता, हे आम्हांला माहीत नाही, आणि पुढे विचारण्याचे धाडस झाले नाही. वाचनावर त्यांनी भाष्य केले नाही. एक गाणे झाले, चुरमुऱ्यांचे लाडू मिळाले, आम्ही घरी आलो. घरी आल्यावर तो पुन्हा पोऱ्या झाला.

पुष्कळ वर्षांनी, ग्रीक भाषेची थोडी ओळख करून घेतल्यावर, एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो. शुभवर्तमानांत बालकासाठी येणारा शब्द आहे ‘पाइदिओन’. तो ‘पाइस’ या शब्दाचे लघुरूप. आणि ‘पाइस’चे अर्थ दोन : मूल, आणि चाकर. रोमी शताधिपतीचा जो ‘पाइस’ आजारी पडतो तो मुलगा की नोकर, यावर भाषांतरकारांना विचार करावा लागतो. मत्तय जेथे ‘पाइस’ म्हणतो तेथे लूक सरळ ‘दास’ असाही शब्द वापरतो. मार्काच्या प्रसंगात सेवक आणि बालक एकापाठोपाठ का येतात, हे यावरून उमगते. त्या काळच्या घरात दोघांची पायरी एकच होती. दोघांनाही हाक मारली जाई, विचारले जात नसे. आपल्याकडेही चहाच्या हॉटेलात टेबल पुसणाऱ्याला ‘पोऱ्या’ म्हणतात, मग त्याला मिसरूड का फुटलेले असेना. शब्दकोश चाळण्याची गरज नव्हती. ग्रीक आमच्या पडवीतच जेवत होते.

तर प्रश्न असा आहे. बालकासारखे नम्र व्हा, हा उपदेश शिष्यांना होता. आपल्यात मोठा कोण यावर भांडणाऱ्यांना. त्या मध्ये उभ्या केलेल्या मुलाला तो नव्हता. त्या मुलाला काहीच सांगितलेले नाही, फक्त कवेत घेतले आहे. मग जे आधीच खाली आहेत त्यांना हा सद्गुण शिकवायला निघालेली माणसे, आणि अशी माणसे प्रत्येक धर्मात ढिगाने आहेत, नेमके काय करीत असतात?

गंगाखेडला आम्ही अनेकदा गेलो आहोत. गोदावरीच्या काठचे गाव, आणि जनाबाईचे. परंपरा सांगते की जनाबाई येथे जन्मली आणि लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या, घरी आली. ‘आली’ असे आपण म्हणतो. ती ठेवली गेली. मूलही आणि दासीही : ‘पाइस’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एका मुलीत. पुढची सारी हयात दळण, कांडण, शेण, पाणी यांत गेली, आणि तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. स्वतःला ती नामदेवाची दासी म्हणवते. देवाच्या गळ्यातले पदक हरवले तेव्हा चोरीचा आळ तिच्यावर आला आणि सुळापर्यंत पाळी गेली, अशी आख्यायिका आहे. घरातले काही हरवले की आधी मोलकरणीची झडती, हे सातशे वर्षांपूर्वीही तसेच होते म्हणायचे.

पण जनाबाईच्या अभंगांत नम्रता शोधायला गेलेल्या माणसाची गंमत होते. ती विठोबाला जात्यापाशी बसवते, केस विंचरायला लावते. विठोबाच्या अंगाखांद्यावर, कडेवर सगळी संतमंडळी लेकरांसारखी बसली आहेत असे जे चित्र मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कायम असते, ते तिच्याच नावावर आहे. आणि ती त्याला शिव्या देते. एकेरी, घरगुती, पोराने आईला द्याव्यात तशा. त्याचा बाप काढते, तो मेला असे म्हणून मोकळी होते. भाविक टीकाकार याला प्रेमाचा कोप म्हणतात आणि पुढे जातात. आम्हांला वाटते, तेथे थांबायला हवे. दासी मालकाला शिव्या देत नाही. मोलकरीण रुसत नाही. तिला रुसवा परवडत नाही. रुसते ते मूल. ज्या घरी रुसले तरी जेवायला बोलावणारच अशी खात्री असते, तेथेच रुसता येते. जनाबाईने दासीपण नाकारले नाही, ते तिच्या हातात नव्हते. पण देवापुढे तिने त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हक्काने उचलला.

हा हक्क ओळखायचा कसा, याची एक साधी परीक्षा मग आम्हांला सापडल्यासारखी वाटली. जो नम्र आहे त्याला रागावण्याची मुभा आहे का? असेल तर ती नम्रता लेकराची. नसेल तर पोऱ्याची.

पंडिता रमाबाईंच्या पत्रांत ही परीक्षा पानोपानी चाललेली दिसते. १८८३च्या २९ सप्टेंबरला इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथल्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाईंची छोटी मनोरमा त्यांना आजीबाई म्हणे, आणि पत्रांत रमाबाईही त्यांना आजीबाईच म्हणतात. म्हणजे नाते लेकराचे. पण पुढची पत्रे वाचावीत. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त समजल्याशिवाय मान्य करायचा नव्हता. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. मांसाहार करीत नाहीत. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातले बिशप मत देतात, तेव्हा माझ्या बाबतीत हे ठरवणारे हे कोण, असा त्यांचा सूर असतो. या सगळ्याला आजीबाईंकडून एकच निदान येते : अहंकार. नम्रता शिक, आज्ञापालन शिक, लहान हो. रमाबाईंनी उत्तरात कळवले की आपल्याकडच्या पुरोहितांचे जोखड मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवले आहे, ते आता दुसऱ्या कोणाचे चढवून घेण्यासाठी नव्हे. ही पत्रे अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावीत. विशेष म्हणजे ती जपून ठेवली सिस्टर जेराल्डीन यांनीच. त्या बाईंविषयी आम्हांला राग येत नाही. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते, यात शंका नाही. आमच्या आईचेही पोऱ्यावर होते.

आणि याच ‘अहंकारी’ रमाबाईंनी पुढे काय केले? १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, जिच्या जिभेवर संस्कृत नाचत होते, त्या बाईने केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये राहून उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, तो सगळे बायबल साध्या मराठीत उतरवण्यासाठी. विद्वानांना आवडेल असे नव्हे, तर जेमतेम अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असे. ते जुळवले आणि छापले मुक्तीतल्या स्त्रियांनीच. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. आपली विद्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवून एवढी वर्षे काम करणे, याला लहानपण म्हणायचे नाही तर कशाला? फक्त ते त्यांनी घेतले. कोणी दिले तेव्हा परत केले होते.

रेव्हरंड टिळकांचा विषय निघाल्याशिवाय असा लेख मराठीत पुरा होत नाही. नारायण वामन टिळक हे फुलामुलांचे कवी, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणारे. म्हणजे आमच्या विषयाची दोन्ही टोके त्यांच्या हातात. असे असून त्यांच्या मुलांवरच्या कविता आम्हांला या कामी फारशा उपयोगी पडत नाहीत. त्यांतले मूल पुष्कळदा दिनदर्शिकेवरचेच असते. खरे बालक सापडते ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त, आणि ते म्हणजे स्वतः टिळक. रागीट, हट्टी, विसराळू, हातातला पैसा समोर येईल त्याला देऊन मोकळे होणारे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो घरी न सांगता. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे माहेरच्या आधाराने काढावी लागली. अखेरच्या काळात, १९१७मध्ये, मिशनची नोकरीही त्यांनी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. उद्याची चिंता न करणारे मूल म्हणून हे सगळे रम्य वाटते, पण त्या लेकराला सांभाळायला कोणीतरी मोठे माणूस घरात लागते, आणि ते माणूस बहुधा बायको असते. पुरुषांच्या बालसदृश श्रद्धेची चरित्रे लिहिणाऱ्यांनी घरातल्या वाण्याच्या उधारीचाही एक परिच्छेद लिहायला हवा. लक्ष्मीबाईंनी तो लिहिला, तोही कुरकुर न करता, हसत. आपले सोवळे, आपली भांडणे, आपले अज्ञान यांवर ती बाई ज्या मोकळेपणाने हसते, तो मोकळेपणा टिळकांच्या सगळ्या भजनांपेक्षा आम्हांला त्या शुभवर्तमानातल्या बालकाच्या अधिक जवळचा वाटतो. अर्थात हा आमचा कल आहे. टिळकांची भजने आजही मराठी उपासनेत गायिली जातात, आणि ती ऐकताना आमचे हे मत दर वेळी थोडे ढळते.

वाचक म्हणतील, परीक्षा सापडली तर ती स्वतःच्या घराला लावून पाहिली का? तेच सांगायचे राहिले आहे.

आमची आई त्या मुलाची एका गोष्टीसाठी नेहमी स्तुती करी. “गुणाचं लेकरू आहे हो. कधी हट्ट नाही, कधी रडणं नाही. नाही तर आमची ही!” ‘आमची ही’ म्हणजे आम्ही भावंडे. आम्ही त्या काळात रोज रुसत होतो. भाजीवरून, शाईच्या दौतीवरून, वरच्या बर्थवर कोण झोपेल यावरून, आणि प्रवासाला तर जायचेही नव्हते. तो कधीच रुसला नाही. ताटात पडेल ते खाल्ले, बहिणीने केस ओढले तरी तिला चापट मारली नाही, रात्री दिवा मालवला की पडवीतल्या पोत्यावर निजला. आम्हांला त्याचा हेवा आणि राग दोन्ही येई, कारण तोलायला म्हणून तो सतत आमच्यासमोर ठेवला जाई. नम्रतेचा आदर्श आमच्याच घरात होता आणि तो आठ वर्षांचा होता.

१९७३चा पाऊस बरा झाला. श्रावणात त्याचा बाप आला. “पेरा झाला, माय. नेतो आता पोराला,” म्हणाला. आईने पायलीभर ज्वारी, आमचे दोन जुने सदरे आणि एक चादर यांचे गाठोडे बांधून दिले, डोळ्यांना पदर लावला, आणि आम्हांला त्यांच्याबरोबर एस. टी. स्टँडपर्यंत पाठवले. निघताना आमच्या हातावर आठ आणे ठेवले : गाडी सुटताना त्याच्या हातात दे, आधी देऊ नकोस, हरवील.

गंगाखेडची गाडी लागायची होती. स्टँडवर एक भिरभिरेवाला फिरत होता. काठीला रंगीत कागदांची भिरभिरी खोचलेली. त्याने ते पाहिले आणि बापाला म्हणाला, मला पाहिजे. बापाने ऐकले नाही. तो पुन्हा म्हणाला. बापाने कनवटीची गाठ सोडली, भाड्याचे पैसे मोजले, गाठ पुन्हा मारली. आणि मग तो मुलगा, आठ महिन्यांत ज्याचा मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता, चिखलात फतकल मारून बसला आणि त्याने भोकाड पसरले. टाचा घासल्या. गाठोड्याला लाथ मारली. बापाला त्याने जे काही म्हटले ते लिहिण्याजोगे नाही. लोक वळून पाहू लागले. बापाने हात उगारला, आम्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा बाप हसत होता. एवढ्या मोठ्या पोराला त्याने चिखलासकट उचलून कडेवर घेतले होते. त्याचे पाय बापाच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, तो बापाच्या पाठीवर मुठी आपटत होता, आणि भिरभिरेवाला पुढच्या फलाटाकडे निघून गेला होता.

गाडी लागली. गर्दीत ते दोघे चढले. कंडक्टरने घंटी दिली. आम्ही तिथेच उभे होतो, आणि आठ आणे आमच्या मुठीत तसेच राहिले.